बांधलेल्या पाण्यातली झाडं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या बहिणीचे. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. उपकार हा शब्द तिच्यासमोर उच्चारला तर ती म्हणेल, "भाषण कायले देऊन राह्यला, भात जेव." म्हणून इथे एकदाच लिहितो आणि पुढे जातो.

आम्ही आरमोरी तालुक्यातले, तलावावर जगणारे लोक. गावच्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना जातं आणि मासोळी आमच्या बावीस घरांची. मोठं जाळं ओढायच्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस दोरावर उभा राहतो आणि त्या माणसावर घराचा वाटा ठरतो. मी नववीत असताना वडील गेले. आई त्याच्या आधीच गेली होती. बाई सासर सोडून परत आली होती. आता मी शाळा सोडून दोरावर जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. जाळ्याच्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोहोचलो तेव्हा बाई लुगड्याचा काष्टा घालून आधीच पाण्यात उतरलेली होती. तिनं दोर धरला तेव्हा तिच्या पुढच्या-मागच्या माणसांनी तो सोडून दिला. कमरेइतक्या पाण्यात ती एकटी दोर ताणून उभी राहिली. बऱ्याच वेळानं एक म्हातारा खोकत खोकत तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि मग जाळं हललं. त्या दिवशी आमच्या घराला अर्धा वाटा मिळाला, कारण दोरावर बाईमाणूस होतं.

अकरा वर्षं अर्धाच वाटा मिळत राहिला. त्या अर्ध्यावर माझी दहावी, बारावी आणि प्राणिशास्त्राची पदवी झाली. मागच्या उन्हाळ्यात बावीस घरांची बैठक बसली आणि या वर्षीपासून तिला पूर्ण वाटा द्यायचं ठरलं. ते तिनं मला फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि लगेच मी दिवाळीला आणलेला टॉवेल किती पातळ निघाला यावर बोलायला लागली. हा पूर्ण वाटा मी घालवायला निघालो होतो, आणि तोही काचेच्या टाकीतल्या दोन मासोळ्यांसाठी. ते कसं झालं ते लिहितो.

मी चंद्रपूरला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे, कंत्राटी. प्रयोगशाळेनं भंगारात काढलेली तीन फुटी टाकी मी मागून घेतली, गळणारे सांधे सिलिकॉननं भरले आणि खोलीत खिडकीपासून दूर लोखंडी मेजावर ठेवली. मला त्यात बटू सिक्लिड ठेवायचे होते. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या ओढ्यांमध्ये राहणारी ही बोटाएवढी मासोळी. नराच्या पाठीवरचे पर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, मादी त्याच्या निम्म्यानं असते. पडलेली पानं कुजून तिथलं पाणी चहासारखं तांबूस आणि मऊ होतं, असं मी वाचलं होतं. आमच्या घरात सगळ्यांनी मासोळी जाळ्यात, टोपलीत आणि तव्यावर पाहिली. ती जगताना कशी दिसते, अंडी कुठे घालते, पिल्लांना कसं वागवते, हे मला पाहायचं होतं. हे वेड कोणाला समजावून सांगायची गरज मला वाटली नाही. ती पहिली चूक असावी.

आषाढात बाई गुडघे दाखवायला चंद्रपूरला आली आणि दोन दिवस माझ्याकडे राहिली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिची नजर टाकीवर गेली.

"हे काय?"

"मासोळ्या, बाई."

"मासोळ्या हायेत ते मले दिसून राह्यलं. इथी काय करून राह्यल्या?"

"पाळल्या."

"खाशीन कधी?"

"खायच्या नाहीत."

"इकशीन?"

"नाही. पाहायच्या."

ती खाटेवर बसली. टाकीकडे नाही, माझ्याकडे पाहत राहिली. "बापाचे पाय पाण्यात सडले मासोळीपायी. माहे गुडघे गेले. अना हा सायेब पाहाले पोसून राह्यला. वरून दिवा लावला तिच्यावर. देव हाये का ते?"

"तुला नाही समजणार," मी म्हणालो.

"हो. मले नाई समजत. म्हणूनच तुले शिकवलं."

त्यानंतर दोन दिवस ती टाकीवरून सतत टोचत राहिली. हवेच्या पंपाचा आवाज तिला सहन होत नव्हता. "रेड्यावानी घोरते," म्हणायची. दवाखान्यातून परत आल्यावर मात्र ती टाकीसमोर उकिडवी बसायचा प्रयत्न करायची, गुडघे वळत नसल्यामुळे खुर्ची ओढायची, आणि तोंड वाकडं करून आत पाहायची. जायच्या दिवशी म्हणाली, "ते लहानी हाये ना, तिची शेपटी फाटली. तो मोठा तिले टिकू देत नाई. दडाले काई ठेवलंच नाई तू."

"झाडं लावली आहेत ना."

"ते झाडं हायेत का? सडलेली भाजी हाये."

मी म्हणालो की पुस्तकात जेवढं अंतर सांगितलं आहे तेवढं मी ठेवलं आहे. ती पिशवी उचलून स्टँडवर गेली. मी सोडायला गेलो तर मला मागे पाठवलं. आठवड्याच्या आत मादी मेली. ते मी तिला कळवलं नाही.

झाडं खरंच सडत होती. माझ्या खोलीत बोअरचं पाणी येतं. ते उकळलं की भांड्याला पांढरा थर बसतो. दुकानातून आणलेली झाडं त्या पाण्यात पंधरा दिवसांत पारदर्शक होऊन विरघळायची. मी टाकी पूर्ण रिकामी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तळाला मातीचा थर, त्यावर नाल्याची बारीक धुतलेली वाळू. कॉलेजच्या आवारातल्या जंगली बदामाची वाळून पडलेली पानं, पाणी तांबूस व्हावं म्हणून. अंडी घालायला मडक्याचं खापर आणि अर्धी करवंटी, तोंड खाली करून. पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. तेव्हा मला आठवलं की आमच्या तलावाचं पाणी जंगलातून उतरतं आणि त्यात बाईची डाळ झटकन शिजते. दहा ठिकाणी शोधून मी जे पाणी बनवायला निघालो होतो ते आमच्या पाळीखालीच होतं. आणि त्या पाण्यात वाढणारी झाडंही होती. कमरेइतक्या पाण्यातली लांब फितीसारखी पाती, आणि केसांसारख्या बारीक पानांचे झुपके, ज्यांत मासोळी दडते.

भाद्रपदातल्या एका रविवारी मी दोन कॅन आणि एक पोतं घेऊन गावी गेलो.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पावसाळ्यात तलावात मासोळीचं बीज सोडलं की पाणी बांधतात. म्हणजे पाळीच्या पायऱ्यांपाशी बांबू रोवून त्याला पळसाची डहाळी बांधतात. त्या दिवसापासून दिवाळीनंतरच्या पहिल्या जाळ्यापर्यंत बावीस घरांपैकी कोणीही घोट्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही. शेतकरी पाणी नेतात, म्हशी डुंबतात, त्यांना मनाई नाही. मनाई फक्त आम्हाला, कारण मासोळी आमची आहे. काठावर वाकून घागर, कॅन भरायला हरकत नसते. जो उतरेल त्याच्या घराचा त्या वर्षीचा वाटा जातो. याला एकच सुटका आहे. उतरणाऱ्यानं ओल्या कपड्यानं पाळीवरच्या देवापाशी उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर "चुकलं" म्हणायचं. एवढं केलं की विषय संपतो. पुन्हा कोणी तो काढत नाही.

बांबू मी पाहिला. पळसाची पानं वाळलेली होती. मला वाटलं की हा नियम मासोळीसाठी आहे आणि मी झाडं न्यायला आलो आहे. पायऱ्यांवर कॅन भरले, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मग दुमडण्यात अर्थ नाही म्हणून तसाच कमरेपर्यंत उतरलो. भर दुपार होती. काठावर म्हशी घेऊन बसलेला माणूस ओरडून म्हणाला, "मास्तर, पाणी बांधलं हाये ना?"

"झाडं नेतो आहे, मासोळी नाही."

"बरं बाप्पा. तुमचं तुमाले माहीत."

मी काहीच लपवलं नाही. पुढे तेच माझ्या विरोधात गेलं. चोर लपून उतरतो. मी सगळ्यांच्या देखत, जणू तलाव माझ्या बापाचा असल्यासारखा उतरलो होतो. बाई त्या दिवशी आरमोरीच्या बाजाराला गेलेली होती. मी तिला भेटलोही नाही. कॅन आणि पोतं घेऊन सरळ बस धरली.

कंडक्टरनं कॅन पायानं हलवून पाहिला. "काय हाये यात?"

"पाणी."

"चंद्रपुरात नाई भेटत?"

"असं नाही भेटत."

"गंगाजल म्हणा मंग." आणि मागच्या सीटवरचा एकजण नाक दाबून म्हणाला, "गंगाजलाले मासोळीचा वास कवापासून येते?" बसमध्ये लोक हसले. मी पोतं पायाखाली दाबून धरलं. हा वास मी कॉलेजात सहा वर्षं साबणानं घासून काढत होतो. मूलचं स्टँड येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

दुकानातून आणलेलं झाड मी लाल औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय टाकीत कधीच लावलं नव्हतं. त्यानं गोगलगाई, किडे, अंडी सगळं मरतं. आमच्या तलावाची झाडं मात्र मी नळाखाली दोनदा विसळली आणि लावून टाकली. आपल्याच पाण्यातली आहेत, यांना कशाला औषध, असं वाटलं. परक्या पाण्यातली झाडं असती तर मी हे केलं नसतं.

टाकी बहरली. आठ दिवसांत फितीची पाती पाण्याच्या वरच्या थरापर्यंत आली. मी नागपूरहून नवी मादी आणली. ती झुपक्यांत दडायची आणि नराला वळसे घालायला लावायची. आम्लता मोजायची पट्टी जो रंग दाखवायला हवा तो दाखवत होती. मी रोज कॉलेजातून येऊन तासभर टाकीसमोर बसायचो. तेव्हाच बाईचा फोन आला.

"पाण्यात उतरला होता?"

"हो, झाडं—"

"रविवारी ये. बैठक हाये," म्हणाली आणि ठेवला.

बैठक पाळीवरच होती, देवाच्या दगडांपाशी. बाई इतरांपासून थोडी दूर, गुडघे लांब करून बसली होती. बावीस घरांच्या मासेमार संस्थेचे अध्यक्ष वयानं मोठे आहेत. अकरा वर्षांपूर्वी बाईच्या पुढचा दोर सर्वांत आधी सोडला तो त्यांनीच.

"उतरला होता का?"

"हो."

"बांधलेलं माहीत होतं?"

"हो. पण भाऊ, नियम मासोळीचा आहे. मी मासोळी नेली नाही. झाडं नेली, तीही दोन मुठी."

इथपर्यंत ठीक होतं. मग मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. झाडं जास्त झाली तर पाण्यातला प्राणवायू कसा कमी होतो, थोडी काढली तर तलावाचा फायदाच कसा आहे, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. मला वाटलं, मी शिकलो आहे तर त्याचा उपयोग इथे व्हावा. मी वर्गात बोलतात तसं बोलत होतो. माझ्या ते लक्षात आलं नाही, त्यांच्या आलं.

"आयका रे," एकजण बोलला, "आपल्या पाण्यात काय हाये, ते आता आपल्याले हा सांगून राह्यला."

"डिग्री हाये भाऊ त्याच्यापाशी. आपल्यापाशी काय हाये? खरूज."

हसणं थांबल्यावर अध्यक्ष म्हणाले, "बहिणीले पूर्ण वाटा पायजे, अना भावाले बांधलं पाणी उघडं पायजे. एकाच घरानं किती मागाचं?"

"तिचा यात काय संबंध?"

"घर तुया नावानं हाये. ते तुया जागेवर उभी राहते. तू उतरला म्हणजे घर उतरलं." मग त्यांचा आवाज खाली आला. आज मला वाटतं, ते सोडवायलाच पाहत होते. "चाल, भिज, उभा राह्य, चुकलं म्हण. घरी जा."

"चूक झाली असती तर म्हणालो असतो," मी म्हणालो. "एकही मासोळी मी नेली नाही. हवं तर शपथ घेतो." आणि कोणी मागितली नसताना मी शेंदूर लावलेल्या दगडावर हात ठेवला आणि म्हणालो, "एकही नाही."

कोणी हसलं नाही. अध्यक्ष उठले. पहिल्या जाळ्याच्या दिवसापर्यंत मी चुकलं म्हणालो नाही तर आमच्या घराचा माणूस दोरावर उभा राहणार नाही, असं ठरलं. पूर्ण वाटा गेला, अर्धाही गेला.

घरी बाईनं भात वाढला आणि ताट माझ्यासमोर आपटलं.

"म्हणून टाकाचं होतं."

"मी खोटं काय बोललो ते सांग."

"खरं-खोटं कोणी इचारलं होतं? चुकलं म्हण म्हटलं होतं."

"म्हणजे तुझ्या वाट्यासाठी मी खोटं बोलायचं?"

"अकरा वर्सं मी पूर्ण दोर ओढला अना अर्धा वाटा घेतला. ते खरं होतं का?"

यावर मी वाईट बोललो. म्हणालो, "जाऊ दे तो वाटा. मला नोकरी आहे. तुला काय लागतं ते मी पाठवीन. गुडघेही गेलेत, तसंही उभं राहवत नाही तुला."

ती चुलीपाशी होती. वळली नाही. "मले पाठवू नको. मी तुया पोसण्यातली मासोळी नाई. मले दोरावर उभी राह्याचं हाये." लाकूड आत सारत म्हणाली, "तुले शिकवलं ते चुकलं माह्यं. हे पाह्य, मले म्हणता येते. तुले नाई आलं."

ताटातला भात मी तसाच टाकून उठलो. दारात असताना ती म्हणाली, "फोन करू नको." मी केला. रोज केला. ती उचलत नव्हती. शेजारच्या घरी केला तर तिथून सांगायचे, "बाई म्हणते, घरी नाई मी."

आश्विनात मादीनं खापरात अंडी घातली. मी वाचलं होतं तरी जे पाहिलं त्याची तयारी नव्हती. दोन दिवसांत ती करड्या रंगाची पिवळीजर्द झाली, पोटावर काळा पट्टा उमटला, आणि तिनं स्वतःच्या दुप्पट नराला टाकीच्या एका कोपऱ्यात कोंबून ठेवलं. तो जरा हलला की ती बाणासारखी जायची. मी काचेवर बोट ठेवलं तर बोटावर यायची. मला त्या दिवसांत सगळ्यांचाच राग होता, अध्यक्षांचा, हसणाऱ्यांचा, फोन न उचलणाऱ्या बहिणीचा, आणि ही एवढीशी मासोळी मला पाहून पिसाळायची तेही मला आवडत होतं. मी खरा होतो आणि एकटा पडलो होतो, असं मी मनात घोळवत बसायचो.

पिल्लं पोहायला लागली तेव्हा चाळीसच्या आसपास असतील. डोळे आणि शेपटी, एवढंच शरीर. मादी पुढे, मागे त्यांचा ढग. चार दिवसांत तीस दिसली. मग वीस. बाप पिल्लं खातो असं कुठे कुठे लिहिलेलं असतं. मी नराला काढून बादलीत टाकला. दुसऱ्या दिवशी बारा होती. मादी आता पिल्लं सोडून मागच्या कोपऱ्यातल्या झुपक्यावर तुटून पडायची, माघारी यायची, पुन्हा जायची. तिथे काहीच नव्हतं. मला वाटलं, नर दिसत नाही म्हणून हिचं डोकं फिरलं.

एका सकाळी मी दाढी करत होतो आणि आरशात मागची टाकी दिसत होती. झुपक्याच्या वर पाणी हललं. काहीतरी वर आलं, हवेचा घोट घेतला आणि सरळ खाली गेलं. सिक्लिड हवा प्यायला वर येत नाहीत. मी साबण लावलेल्या तोंडानं टाकीपाशी गेलो आणि झुपका काडीनं बाजूला केला. दीड पेर लांब, चपट्या डोक्याची, बाजूनं पिवळसर पट्टा असलेली, एकाच जागी पर हलवत उभी. दुसऱ्यांची पिल्लं खाणारी मरळ ओळखायला मला पदवीची गरज नव्हती. मी तीन वर्षांचा असल्यापासून मरळ ओळखतो. माझ्या पोत्यातून, आमच्या तलावाच्या झाडांना चिकटून ती आली होती. तेव्हा ती कदाचित भाताच्या शिताएवढीही नसेल.

मी खुर्चीवर बसलो. मला पिल्लांचं वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. मला फक्त तो शेंदराचा दगड आणि त्यावर ठेवलेला माझा हात दिसत होता. मी "एकही नाही" म्हणालो होतो. पाणी बांधतात ते यासाठीच बांधतात. झुपक्यात काय दडलंय हे वरून कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी उतरायचंच नाही. ज्यांना मी प्राणवायू शिकवला त्यांना हे माहीत होतं. त्यांना ते सांगता आलं नाही, किंवा माझ्यापुढे सांगावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी कॉलेजात माझं लक्ष नव्हतं. हेही कबूल करतो की दिवसभर मी दुसराही विचार केला. मरळ मारायची, कोणाला काही कळणार नाही. नाहीतर मुकाट्यानं गावी जायचं, चुकलं म्हणायचं आणि मरळीबद्दल बोलायचंच नाही. सगळे समजतील, बहिणीसाठी नमलो. त्यात माझी थोडी शानही राहिली असती. संध्याकाळी परत आलो तर मादीपाशी सात पिल्लं उरली होती आणि ती अजून झुपक्यावर जात होती. मी मरळ जाळीनं काढून झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ठेवली, नराला परत टाकीत सोडलं, आणि बाईला पत्र लिहायला बसलो. फोन ती उचलत नव्हती आणि निरोप दुसऱ्या कोणाच्या तोंडून पाठवायचा नव्हता. ते पत्र इथे जसंच्या तसं देतो.

बाई,

वर नेहमीचा मायना लिहीत नाही. तो वाचून तू बाकीचं वाचणार नाहीस. अक्षर मोठं काढलं आहे. सावकाश वाच, पण स्वतः वाच. कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

माझ्या टाकीत मरळ निघाली. आपल्या तलावाची. झाडांबरोबर आली. मी देवाच्या दगडावर हात ठेवून एकही नाही म्हणालो होतो. ते खोटं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत नसताना मी शपथ घेतली, आणि तीही कोणी मागितली नसताना.

पहिल्या जाळ्याच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं येतो. मरळ डब्यात घेऊन येतो, जिवंत. अध्यक्षांसमोर ठेवीन, मग पाण्यात भिजून चुकलं म्हणेन. लोक हसतील. हसू दे. तू मध्ये बोलू नकोस.

एक गोष्ट तुला आधी सांगतो. मी हे तुझ्या वाट्यासाठी म्हणत नाही. त्या दिवशी म्हणालो असतो तर ते तुझ्यासाठी झालं असतं, आणि तू आयुष्यभर मला ते ऐकवलं असतं. आता मी माझ्यासाठी म्हणतो आहे.

दुसरी गोष्ट. अध्यक्ष म्हणाले, घर माझ्या नावानं आहे आणि तू माझ्या जागेवर उभी राहतेस. हे मला त्या दिवशी ऐकूनही समजलं नाही. अकरा वर्षं दोर तू ओढला आणि नाव माझं राहिलं. म्हणून मी चुकलो की शिक्षा तुला होते. त्याच बैठकीत मी सांगणार आहे की माझं नाव काढा आणि घर तुझ्या नावानं करा. मग मी पाण्यात उतरलो तर एक बाहेरचा माणूस उतरला असं होईल, तुझं घर नाही. ते मानतील की नाही मला माहीत नाही. या वर्षी तुला दोरावर घेतलं नाही तरी मी ते मागत राहीन, विज्ञान न सांगता.

गुडघ्यांवरून मी जे बोललो ते वाईट होतं. तू माझ्या मासोळीवरून जे बोललीस तेही चांगलं नव्हतं. नर मादीला टिकू देत नाही असं तू म्हणाली होतीस. ती मेली होती. मी तुला सांगितलं नव्हतं.

मला शिकवलं ते चुकलं असं तू म्हणालीस. ते मला मान्य नाही. त्यावर आपण भांडू, पण जाळ्याच्या दिवशी नको.

परतीची बस दुपारची आहे. मी जेवायला थांबणार नाही. तू थांब म्हटलंस तर थांबेन.

तुझा भाऊ